एकदाच पैसे, आयुष्यभर विमान: अमर्याद पास आणि शेजारच्या सीटवरून झालेले खटले

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये एक पास विकायला काढला. अडीच लाख डॉलर एकदाच भरायचे आणि मग मरेपर्यंत, कंपनीचे विमान जिथे जिथे जाते तिथे, फर्स्ट क्लासने हवे तितक्या वेळा जायचे. आणखी दीड लाख भरले तर सोबत एक माणूस न्यायची मुभा, तीही आयुष्यभर. पासाचे नाव ‘एएअरपास’.

असे अमर्याद पास एकूण ६६ विकले गेले. सत्तावीस वर्षांनी, म्हणजे २००८ मध्ये, त्यांतल्या दोघांचे पास कंपनीने काढून घेतले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. ही हकिकत सांगणारे सहसा एक बाजू धरतात. कोणी म्हणते गिऱ्हाइकांनी कंपनीला लुबाडले, कोणी म्हणते कंपनीने दिलेला शब्द मोडला. कागदपत्रांत शिरले की दिसते, पास आयुष्यभराचा आहे की नाही यावर वाद नव्हताच. वाद होता शेजारच्या सीटचा. ती सीट कोणाच्या नावाने घ्यायची, रिकामी ठेवायची का, तिच्यावर बसणाऱ्याकडून पैसे घ्यायचे का, या प्रश्नांवर दोन माणसांचे पास गेले. हे नीट कळायला आधी कंपनीने असला पास विकलाच का, इथून सुरुवात करायला हवी.

अमेरिकेत १९७८ मध्ये विमानसेवेवरचे सरकारी नियंत्रण उठले. तोपर्यंत कुठल्या मार्गावर कोणी उडायचे आणि किती भाडे घ्यायचे हे सरकार ठरवत असे. नियंत्रण उठल्यावर नव्या स्वस्त कंपन्या आल्या, भाडी कोसळली. १९८० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला ७ कोटी ६० लाख डॉलरांचा तोटा झाला. टिकायचे तर नवी विमाने हवीत, त्यासाठी कर्ज हवे, आणि कर्ज तर भलतेच महाग. महागाई आटोक्यात आणण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैशाची टंचाई केली होती. १९८०च्या डिसेंबरात तिथल्या बँकांचा प्राइम रेट, म्हणजे भरवशाच्या मोठ्या कर्जदारांना लावायचा दर, साडेएकवीस टक्क्यांवर गेला होता. तोट्यातल्या विमान कंपनीला त्याहून स्वस्त कोण देणार?

आता पास पुन्हा पाहा. गिऱ्हाईक अडीच लाख डॉलर रोख देते. तेवढीच रक्कम बँकेकडून अगदी १८ टक्क्यांनी मिळाली असती तरी वर्षाला ४५ हजार डॉलर नुसते व्याज गेले असते. पासवाल्याला ते द्यायचे नाही, त्याला द्यायच्या आहेत सीटा. त्या काळी अमेरिकी विमानांत दर दहा सीटांमागे सरासरी सहाच्या आसपास भरलेल्या असत. जी सीट रिकामीच जाणार होती तिच्यावर एक माणूस बसवला तर कंपनीचा खर्च किती वाढतो? थोडे इंधन, एक जेवण, थोडे कर. तेव्हा हे मुळात कर्जच होते, फक्त त्याचे व्याज रोख न देता रिकाम्या सीटांत फेडायचे होते. १९८१च्या हिशेबाने पाहिले तर मला हा निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. रोख हवी होती, ती मिळाली. कंपनीचा अंदाजही साधा होता: मोठ्या उद्योगसंस्था आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी हे पास घेतील, तो अधिकारी वर्षातून काही ठरावीक फेऱ्या करील, आणि आपले नाव त्या संस्थेत पक्के होईल.

घेतले मात्र दुसऱ्याच लोकांनी. वर्षाला पाच-सहा वेळा उडणाऱ्या माणसाला अडीच लाख डॉलर परवडणारच नव्हते. हिशेब जुळायचा तो आठवड्यातून दोन-तीनदा विमानतळावर असणाऱ्याचा. खानावळीने ‘महिन्याचे एकदाच भरा, हवे तेवढे जेवा’ अशी पाटी लावली तर आधी कोण येईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. सरासरी माणसाच्या भुकेवर दर ठरवायचा आणि दारात मात्र सगळे पैलवान, असे होते. विमा कंपन्यांना हा धोका शतकभर माहीत आहे, म्हणून त्या पॉलिसी देण्यापूर्वी वय आणि प्रकृती विचारतात. इथे ‘तुम्ही वर्षाला किती उडता’ या उत्तरावर दर ठरत नव्हता.

त्यात भर पडली ती वागणूक बदलण्याची. पास हातात आला की पुढच्या प्रवासाची किंमत शून्य. शिकागोचे गुंतवणूक बँकर स्टीव्ह रॉथस्टीन यांनी १९८७ मध्ये पास घेतला आणि १९८९ मध्ये सोबत्याचा पास जोडला. पुढच्या वीसेक वर्षांत त्यांनी दहा हजारांहून अधिक विमानप्रवास केले. न्यूयॉर्कला हजार वेळा, लंडनला पाचशे वेळा. २००४च्या जुलैमध्ये ते एकाच महिन्यात अठरा वेळा उडाले. तिकिटाला दर वेळी पैसे पडले असते तर यातले बरेच प्रवास झालेच नसते. म्हणून ‘इतक्या प्रवासांचे तिकीटभाडे इतके कोटी, तेवढा कंपनीचा तोटा’ हे गणित सरळसरळ मानता येत नाही. कंपनीने रॉथस्टीन यांच्यामुळे झालेले नुकसान २ कोटी १० लाख डॉलर काढले होते. त्यातला किती भाग खरोखर बुडालेली विक्री आणि किती कागदावरची किंमत, हे ती सीट दुसऱ्याला विकली गेली असती का, यावर ठरते.

आणि नेमके तेच काळाबरोबर पालटत गेले. कंपन्यांनी संगणकावर मागणीचा अंदाज घेऊन त्याच विमानातल्या सीटा वेगवेगळ्या दराने विकायची पद्धत बसवली. २००८च्या सुमारास दहापैकी आठ सीटा भरलेल्या असत. पासवाला तर आदल्या रात्री फोन करून शेवटची सीट घ्यायचा, म्हणजे जी घाईत निघालेल्या प्रवाशाला सर्वांत महाग विकता आली असती तीच. शिवाय व्याजदर उतरले होते. १९९३ मध्ये प्राइम रेट सहा टक्के होता. बँकेचे महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडता येते. या पासाचे तसे नव्हते. आयुष्यभराचे व्याज मान्य केलेले, मुदतीआधी फेडायची सोय करारात नाही. माझ्या मते कंपनीची मोठी चूक हीच. किंमत कमी लावणे ही एक वेळ समजू शकते. पण परत विकत घेण्याचे कलम न ठेवणे, हे इतक्या मोठ्या संस्थेच्या वकिलांकडून सुटायला नको होते.

कंपनीला हे उशिरा का होईना कळले. १९९० मध्ये सोबत्यासह पासाची किंमत सहा लाख डॉलर झाली, १९९३ मध्ये दहा लाखांच्या वर गेली, आणि १९९४ मध्ये अमर्याद पासाची विक्री थांबली. २००४ मध्ये एका उंची दुकानसाखळीच्या नाताळ कॅटलॉगमधून तो पुन्हा विकायला ठेवला, तीस लाख डॉलरांना, सोबती हवा असेल तर आणखी वीस लाख. एकही विकला गेला नाही.

जुने पास मात्र चालूच होते. २००७ मध्ये कंपनीने आतल्या तपास विभागाला या पासधारकांची बुकिंगे तपासायला लावली. हेतू उघड होता. कंपनीच्या हिशेबाने दोन पासधारक दर वर्षी प्रत्येकी दहा लाख डॉलरांहून अधिक खर्चात टाकत होते. एक रॉथस्टीन, दुसरे टेक्सासमधले मार्केटिंग सल्लागार जॅक व्रूम. पुढच्या वर्षी कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरांपर्यंत चढले आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या मूळ कंपनीला २००८ साली दोन अब्ज डॉलरांहून जास्त तोटा झाला. जुलैअखेर व्रूम यांना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अडवण्यात आले. डिसेंबरात रॉथस्टीन एका मित्राला घेऊन शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेले, बॅगा दिल्या, आणि त्यांच्या हातात पास रद्द केल्याचे पत्र ठेवण्यात आले. वीस वर्षे घरचा माणूस म्हणून वागवलेल्या गिऱ्हाइकाला विमानतळावर असे गाठायला नको होते. आधी लेखी ताकीद देता आली असती.

रॉथस्टीन यांच्यावरचे आरोप दोन होते. पहिला, ते भाराभर बुकिंग करून रद्द करतात. चार वर्षांपेक्षा कमी काळात ३,००९ बुकिंगे, बहुतेक वेळा दोन-दोन सीटांची, आणि त्यांतली २,५२३ रद्द. दुसरा, सोबत्याची सीट ते खोट्या नावाने घेतात. सोबत कोणी नसेल तर ‘बॅग रॉथस्टीन’ किंवा ‘स्टीव्हन रॉथस्टीन ज्युनिअर’ अशा नावांनी शेजारची सीट अडवायची. बाजूला मोकळी जागा मिळायची, आणि आयत्या वेळी कोणी भेटले तर त्याला ती देताही यायची. विमानतळावर भेटलेल्या अनोळखी माणसांना त्यांनी अशी सीट दिल्याचे किस्से आहेत. पैसे न घेता.

पहिल्या आरोपाला करारात फारसा आधार नव्हता. किती बुकिंगे करावीत, किती रद्द करावीत, याला पासात मर्यादा घातलेली नव्हती. त्या बुकिंगांमागची एक गोष्ट त्यांच्या मुलीने नंतर लिहिली. २००२ मध्ये त्यांचा मुलगा अपघातात गेला. रात्री झोप लागत नसे, तेव्हा ते कंपनीच्या बुकिंग कक्षात फोन लावून तिथल्या बायकांशी तासभर बोलत बसत. शेवटी ती विचारायची, मग बुकिंग कुठले करू? ते एखादे शहर सांगून टाकत. तपास विभागाच्या तक्त्यात यातले काही दिसत नाही. तिथे एक आकडा वाढतो. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण आकड्यांवरून हेतू वाचायची घाई इथे झाली.

दुसरा आरोप जड होता, आणि खटला त्याच्यावरच फिरला. करारात एक कलम होते: पासाचा फसवणुकीने वापर झाल्याचे कंपनीला आढळले तर पास आणि त्याबरोबरच्या सर्व सवलती रद्द करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. रॉथस्टीन यांचे म्हणणे, मी लपवले काय? ही बुकिंगे कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी फोनवर करून दिली, ‘बॅग’ हे माणसाचे नाव नाही हे त्यांना दिसत होतेच, आणि इतकी वर्षे कोणी हरकत घेतली नाही. कंपनीचे म्हणणे, सोबत्याचा पास सोबत्यासाठी आहे. जो माणूस अस्तित्वात नाही किंवा येणार नाही हे ठाऊक आहे, त्याच्या नावाने सीट धरली की ती विक्रीतून बाहेर जाते.

रॉथस्टीन यांनी २००९ मध्ये इलिनॉयच्या संघीय न्यायालयात दावा लावला, कंपनीने उलट दावा केला. २०११ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. काल्पनिक नावांनी सीट घेणे हा पासाचा फसवणुकीचा वापर ठरतो, एवढ्या मुद्द्यावर पास रद्द करणे न्यायालयाने योग्य मानले. पुढे कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली, आणि हा वाद शेवटी न्यायालयाबाहेर मिटला.

निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो हे मला मान्य आहे. खोटे नाव ते खोटे नाव. पण एक गोष्ट खटकते. कलम रद्द करण्याचा हक्क कंपनीला देते, ‘आढळले’ हे ठरवणारीही कंपनीच, आणि तिने शोध घ्यायला सुरुवात केली ती पास तोट्यात चालल्यावर. पास फायद्यात असता तर ‘बॅग रॉथस्टीन’ आणखी वीस वर्षे उडाला असता. शिवाय उल्लंघन होते सोबत्याच्या सीटपुरते आणि गेला तो संपूर्ण पास. करार लिहिताना शिक्षेच्या पायऱ्या ठेवता आल्या असत्या: आधी ताकीद, मग सोबत्याची सवलत काही काळ बंद, मग पास रद्द. तशा पायऱ्या नव्हत्या, आणि नसताना त्या न्यायालयाने घालून देणे अवघड असते.

व्रूम यांचे प्रकरण वेगळे. तिथे सीट रिकामी नव्हती, तिच्यावर खरी माणसे बसत होती. कंपनीचा आरोप असा की व्रूम ही सीट पैसे घेऊन विकतात. बँकेच्या नोंदींत सोबत्यांकडून आलेले धनादेश सापडले. व्रूम म्हणाले, ते पैसे व्यवसायाच्या सल्ल्याचे होते. आणि त्यापुढचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने जास्त रोचक आहे: मी १९८९ मध्ये सही केली त्या करारात सोबत्याची सीट विकू नये असे कुठे लिहिले आहे? ती अट कंपनीने तीन वर्षांनंतरच्या करारांत घातली. एका बाजूने पाहता हा बिनतोड बचाव आहे, कारण नंतर सुचलेली अट जुन्या गिऱ्हाइकावर लादता येत नाही. दुसऱ्या बाजूने, कंपनीला वेगळी अट घालावी लागली याचा अर्थ आधी तशी मनाई नव्हती, की आधी ती गृहीतच होती, यावर वकील वर्षानुवर्षे भांडू शकतात. माझा कल व्रूम यांच्याकडे झुकतो. करार कंपनीने लिहिला, छापला आणि पुढे ठेवला. त्यातली संदिग्धता लिहिणाऱ्याच्या विरोधात वाचायची हे करार-कायद्याचे जुने तत्त्व आहे. ते आपल्याकडच्या न्यायालयांनाही परिचित आहे, विशेषतः विमा पॉलिसींच्या खटल्यांत.

प्रत्येक जास्त उडणाऱ्याचे असे झाले नाही. न्यू जर्सीचे टॉम स्टुकर यांनी १९९० मध्ये युनायटेड एअरलाइन्सकडून २ लाख ९० हजार डॉलरांना आयुष्यभराचा पास घेतला आणि त्यावर दोन कोटी तीस लाख मैलांपेक्षा जास्त प्रवास केला. युनायटेडने त्यांना जाहिरातीसारखे मिरवले.

आता घेणाऱ्याच्या बाजूने. ‘आयुष्यभर’ म्हणताना आपण आपले आयुष्य मोजतो, पण करार चालतो दोघांपैकी जो आधी जाईल त्याच्यापर्यंत. पॅन अॅम आणि ईस्टर्न या एकेकाळच्या बलाढ्य अमेरिकी कंपन्या १९९१ मध्ये, एकाच वर्षात बंद पडल्या. मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा पुढच्या तारखांची तिकिटे काढलेले प्रवासी बँका, विमानमालक आणि कर्मचाऱ्यांबरोबर धनकोंच्या रांगेत जाऊन पडले. आगाऊ पैसे भरणारा ग्राहक म्हणजे तारण नसलेला सावकार. कंपनी बुडाली तर तारणवाले आधी, तो शेवटी.

कंपनी न बुडताही हे होऊ शकते, आणि ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. २००५-०६ मध्ये मोबाइल कंपन्यांनी ९९९ रुपयांच्या आसपास ‘लाइफटाइम’ प्रीपेड विकले. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्ये स्पष्ट केले की लाइफटाइम म्हणजे कंपनीच्या परवान्याची मुदत, आणि ती कधी संपते हे ग्राहकाला सांगितले पाहिजे. पुढे २०१८ मध्ये कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्जची अट आणली, आणि इनकमिंग चालू राहण्यासाठी जुन्या ग्राहकांनाही पुन्हा पैसे मोजावे लागले. तिथेही कंपनीचा अंदाज चुकलाच होता. लोक नुसते फोन घ्यायला सिम ठेवतील आणि स्वतः फोन करणारच नाहीत, याचा भार किंमत ठरवताना पुरेसा धरलेला दिसत नाही.

विमान कंपन्या पासाचे धडे नीट शिकल्या. अमेरिकेतल्या फ्रंटिअर एअरलाइन्सने २०२२ मध्ये ‘गोवाइल्ड’ नावाचा अमर्याद पास काढला, तर युरोपातल्या विझ एअरने २०२४ मध्ये ‘ऑल यू कॅन फ्लाय’. दोन्ही मुदतीचे, आयुष्याचे नव्हेत, म्हणजे किंमत चुकली तरी ती पुढच्या वेळी बदलता येते. फ्रंटिअरचा पास निघाला तेव्हा त्यावर देशांतर्गत सीट प्रवासाच्या आदल्या दिवशीच घेता येत असे, म्हणजे तोवर न विकलेली सीटच पासवाल्याला मिळे, आणि सणासुदीच्या गर्दीच्या तारखा वगळलेल्या होत्या. विझ एअरमध्ये बुकिंग उड्डाणाच्या ७२ तास आधी खुले होते आणि प्रत्येक उड्डाणाला ९.९९ युरो वेगळे भरावे लागतात. ही छोटी रक्कम फार विचार करून ठेवलेली आहे, कारण प्रवासाची किंमत शून्य राहिली नाही की उगाच केलेली बुकिंगे आपोआप गळतात. सीटही पासधारकाच्या स्वतःच्याच नावावर मिळते. शेजारच्या सीटचा प्रश्न करारातच मिटवून टाकला आहे.